रक्तातून वाहणारे बीज

बुलढाणा जिल्हा हा कपाशीचा मुलूख. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा घालण्यात आली ती मुख्यतः कापसासाठीच, आणि खामगावच्या बाजाराचे नाव वऱ्हाडाबाहेरही गाजू लागले. या जिल्ह्यातील शेतकऱ्याला जीनमधील यंत्राचे काम समजावून सांगण्याचे कारण नाही. ढिगाने आत गेलेल्या कापसातून रुई एका बाजूस निघते व सरकी दुसऱ्या बाजूस पडते. यंत्राला डोळे नसतात. परंतु रुईचा तंतू रुळाला धरून राहतो आणि सरकी धरत नाही, एवढ्या एका गुणभेदावर ते आपले काम उरकते. आता अशी कल्पना करावी की, साऱ्या बाजाराएवढ्या ढिगाऱ्यात सरकी एकच आहे. ती हुडकून काढावयाची आहे, आणि तिच्या सापडण्या न सापडण्यावर एखाद्या गृहस्थाच्या आयुष्याचा हिशेब अवलंबून आहे. कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तात फिरणारी रोगाची पेशी शोधणे हे काम याच जातीचे होय. या शोधाचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक लांबीचा आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात नाशिकपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम प्रमाणाची कल्पना यावयास हवी. तपासणीसाठी साधारणतः साडेसात मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्याने दीड चमचा, रक्त घेतात. तेवढ्या रक्तात तांबड्या पेशी साडेतीन हजार कोटींहून अधिक असतात व पांढऱ्या पेशी तीन ते आठ कोटी असतात. रोग बळावलेल्या रुग्णाच्याही एवढ्या रक्तात कर्करोगाच्या पेशी कित्येकदा पाच-दहाच निघतात. म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या पाठीवरील मनुष्यांतून नेमका एक माणूस ओळखून काढण्यासारखेच हे झाले. आणि तो माणूसही असा की, दुरून पाहता तो इतरांसारखाच दिसावा.

ज्या रोगाच्या संबंधात हा शोध विशेष महत्त्वाचा ठरला, तो प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते व तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा असतो. उतारवयात ती बहुतेकांची वाढते. लघवीस रात्री वारंवार उठावे लागते, धार मंदावते. ही वाढ पुष्कळदा निरुपद्रवी असते. परंतु काहींच्या बाबतीत तीच ग्रंथी कर्करोगाचे घर बनते, आणि आरंभी त्याचे लक्षण एकतर नसतेच, किंवा असले तरी ते साध्या वाढीसारखेच असते. रोग ग्रंथीच्या आत आहे तोवर शस्त्रक्रियेने अथवा किरणोपचाराने तो बरा होण्याची आशा चांगली असते. तो एकदा हाडांत उतरला म्हणजे मात्र त्यास आवर घालता येतो, त्याचे निर्मूलन सहसा होत नाही. तेव्हा रोगाने ग्रंथीची वेस केव्हा ओलांडली, आणि तो कोणत्या वाटेने चालला आहे, हा प्रश्न रुग्णाच्या जीवनमरणाचा ठरतो.

ती वाट रक्ताची असावी, हे प्रथम प्रत्यक्ष पाहिले ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी, १८६९ साली. टॉमस ॲशवर्थ नावाच्या वैद्याने कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका मनुष्याचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले, तेव्हा त्यास रक्तात काही मोठ्या, अपरिचित पेशी आढळल्या. त्याने त्या पेशी मृताच्या अंगावरील गाठींतील पेशींशी ताडून पाहिल्या. दोन्ही एकसारख्या होत्या. रक्त निरोगी पायाच्या शिरेतून घेतलेले होते. यावरून ॲशवर्थने नेमके अनुमान काढले की, या पेशी गाठींतून आल्या असतील तर शरीरातील रक्ताभिसरणाचा बराचसा मार्ग आक्रमूनच त्या येथवर आल्या असल्या पाहिजेत. एका शरीरात इतक्या ठिकाणी गाठी का उद्भवतात, याचे उत्तर येथे असू शकेल, असेही त्याने सुचविले. हे निरीक्षण त्या देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि नंतर दीर्घकाळ त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वीस वर्षांनी, १८८९ साली, लंडनच्या स्टीफन पॅजेट या शस्त्रवैद्याने दुसऱ्या बाजूने हाच विषय हाती घेतला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. रोग रक्ताबरोबर वाटेल तेथे जाऊन पडत असता, तर तो सर्व अवयवांत सारखाच आढळला असता. परंतु तसे नव्हते. काही अवयवांत तो फार वेळा रुजलेला दिसे, काहींत क्वचितच. पॅजेटने त्यास बी आणि जमिनीचा दृष्टांत दिला. बी चोहीकडे उधळले जाते, पण अनुकूल जमिनीवाचून ते उगवत नाही. वऱ्हाडातील काळ्या जमिनीत नांगर धरणाऱ्याला हा दृष्टांत कोणी उलगडून सांगावयास नको. प्रोस्टेटच्या कर्करोगाला मानवणारी जमीन म्हणजे हाड, आणि त्यातही पाठीचा कणा व कमरेची हाडे.

या आवडीचे एक कारण १९४० साली उजेडात आले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅट्सन याने मृत शरीरांच्या शिरांत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून त्याचा प्रवास पाहिला. प्रोस्टेटभोवतालच्या शिरांचे जाळे पाठीच्या कण्यालगतच्या शिरांना जाऊन मिळते, व तेथे रक्ताला अडविणाऱ्या झडपा नाहीत, असे त्यास दिसून आले. खोकला आला, जोर केला, की रक्त या वाटेने उलटही जाऊ शकते. म्हणजे बियाला जमीन मानवत होती, आणि तेथवर जाण्यास आडवाटही तयार होती.

याच सुमारास रक्ताची साक्ष काढण्याचा दुसराही एक उपाय निघाला. १९३८ साली न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने दाखवून दिले की, रोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फेटेज नावाचे प्रोस्टेटमधील एक विकर वाढते. १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स याने वृषणांचा अंतःस्राव बंद केल्यास हा रोग मागे हटतो हे सिद्ध केले, व या कार्याबद्दल त्यास १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ॲसिड फॉस्फेटेजची जागा पीएसए या प्रथिनाच्या तपासणीने घेतली. तथापि या साऱ्या तपासण्या पेशीने मागे सोडलेल्या खुणांच्या होत्या. पाऊलखूण सापडे, चोर हाती लागत नसे.

भारतात कर्करोगाच्या अभ्यासाचा पाया त्याच १९४१ साली घातला गेला. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि त्याच्या प्रयोगशाळेची धुरा डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. पुढे १९५२ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. तंबाखू, विडा, पेहराव यांसारख्या लोकांच्या रीतीभातींचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी चिकाटीने शोधला. त्यांच्या पिढीचा विश्वास गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर होता, आणि तो विश्वास अस्थानी नव्हता. आजही रोगाचा अखेरचा निर्णय बहुधा तुकड्यावरच होतो. परंतु तुकडा ज्या जागेचा काढला तेथील आणि त्या दिवसापुरतीच हकीकत सांगतो. हाडात रुजलेल्या रोगाचा तुकडा पुनःपुन्हा काढणे तर फार कष्टाचे असते.

रक्तातील पेशींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा वेधले ते १९५५ साली. डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य एंगेल याने कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात रोगाच्या पेशी सापडल्याचे प्रसिद्ध केले. लागलीच ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा या कामास लागल्या आणि जो तो पेशी सापडल्याची वार्ता देऊ लागला. पुढील दशकात मात्र फेरतपासणी झाली, तेव्हा यांपैकी अनेक पेशी कर्करोगाच्या नव्हत्याच, असे निष्पन्न झाले. अस्थिमज्जेतील काही मोठ्या पेशी अधूनमधून रक्तात उतरतात. त्यांनाच पाहणाऱ्यांनी रोगाच्या पेशी मानले होते. उत्साह ओसरला, विषय मागे पडला. या इतिहासात हे प्रकरण सर्वांत बोधप्रद आहे. ॲशवर्थने जे पाहिले होते ते खरे होते. परंतु केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवून तेच दृश्य हजारो नमुन्यांत ओळखणे शक्य नव्हते. जोवर दोन निरनिराळ्या प्रयोगशाळा एकाच रक्ताविषयी एकच उत्तर देत नाहीत, तोवर त्या उत्तरावर रुग्णाच्या उपचारांचा भार टाकणे धोक्याचे असते.

तेव्हा डोळ्याऐवजी गुणभेदाचा आश्रय करावा, म्हणजे जीनमधील यंत्राची युक्ती योजावी, हा विचार पुढे आला. प्रोस्टेट, स्तन, आतडे यांच्या अस्तरांतील पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असते; रक्ताच्या पेशींवर ते नसते. त्या प्रथिनाला अचूक चिकटणारे प्रतिपिंड तयार करून ते लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवावयाचे, ते कण रक्तात मिसळावयाचे, आणि बाहेरून लोहचुंबक लावावयाचा. अस्तराची पेशी असेल तर ती कणांसह चुंबकाकडे ओढली जाते. बाकीचे रक्त वाहून जाते. त्यानंतर रंगांची परीक्षा होते. अस्तरांच्या पेशीत केराटिन नावाचे प्रथिन असावयास हवे, पांढऱ्या पेशीची खूण नसावयास हवी, व पेशीला केंद्रक असावयास हवे. या तिन्ही कसोट्यांस उतरेल तीच पेशी मोजावयाची. १९९८ साली अमेरिकेत या युक्तीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिच्यावर आधारलेल्या सेलसर्च या यंत्राला तेथील औषध प्रशासनाने २००४ साली स्तनाच्या, २००७ साली मोठ्या आतड्याच्या व २००८ साली प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगासाठी संमती दिली.

प्रोस्टेटविषयीचा आधार स्पष्ट होता. अंतःस्राव रोखणाऱ्या उपचारांना न जुमानणाऱ्या रोगाच्या रुग्णांत, साडेसात मिलिलिटर रक्तात पाचांहून कमी पेशी असणारे रुग्ण मध्यमानाने २१.७ महिने जगले; पाच वा अधिक पेशी असणारे ११.५ महिने. ज्या अंतराची कल्पना पूर्वी वैद्याला अनुभवाने अंधुकपणे येत असे, ते आता आकड्यांत मांडता आले.

परंतु भविष्य कळणे निराळे आणि ते बदलता येणे निराळे. हा भेद २०१४ साली एका कठोर परीक्षेने उघड झाला. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रियांच्या रक्तातील पेशींची संख्या पहिल्या औषधाने उतरली नाही, त्यांपैकी काहींना तेच औषध पुढे चालू ठेवले व काहींना तात्काळ दुसरे दिले. औषध लवकर बदलल्याने त्या अधिक जगतील अशी अपेक्षा होती. दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत फरक पडला नाही. मोजणी खरी होती. पण हाती असलेले दुसरे औषध पहिल्याहून सरस नव्हते. ज्या तपासणीच्या उत्तराने उपचारात काही इष्ट बदल होऊ शकत नाही, ती रुग्णाची खिन्नता आणि खर्च मात्र वाढविते.

त्याच २०१४ साली प्रोस्टेटच्या बाबतीत याच्या उलट, आशेचा अनुभव आला. या रोगाची पेशी पुरुषत्वाच्या अंतःस्रावाचा संदेश एका ग्राहक प्रथिनाने स्वीकारते, आणि नवी औषधे हा संदेश अडवितात. एक ग्राहकाचे कुलूप बुजविते, तर दुसरे किल्ली घडूच देत नाही. परंतु काही पेशी कुलूप नसलेला ग्राहक बनवितात. दार सताड उघडे असल्यावर किल्ली लपवून काय उपयोग? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी ६२ रुग्णांच्या रक्तातील रोगपेशी पकडून त्यांत हा विकृत ग्राहक शोधला. तो १८ जणांत आढळला, आणि त्यांपैकी एकाच्याही पीएसएत या औषधांनी अपेक्षित उतार पडला नाही. अशा रुग्णाला महागडे व निरुपयोगी औषध देत बसण्याऐवजी दुसऱ्या जातीच्या औषधाकडे वळणे शहाणपणाचे, असे पुढील अभ्यासांनीही सुचविले. येथे पेशींची संख्या गौण ठरली. त्या पेशीने दिलेली साक्ष महत्त्वाची ठरली.

आता महाराष्ट्राचा भाग. लोहचुंबकाची युक्ती रोग पसरल्यावर कामास येते. आरंभीच्या रोगात पेशी इतक्या विरळ असतात की, त्या तिच्या हाती क्वचितच लागतात. नाशिक येथील दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निराळाच गुणभेद निवडला. शरीरातील निरोगी पेशी आपल्या स्थानापासून सुटली वा तिला इजा झाली म्हणजे ती आपणहून मरण पत्करते. कर्करोगाची पेशी हा नियम मानीत नाही. म्हणून रक्तातील पेशी अशा द्रवात ठेवावयाच्या की, त्यात निरोगी पेशी मरून जातील व मरण टाळणारी रोगपेशी तेवढी तग धरील. नंतर शिल्लक राहिलेल्या पेशींवर प्रोस्टेटच्या ओळखीच्या खुणा तपासावयाच्या. कापसातून सरकी वेचण्याऐवजी रुई जाळून सरकी उरविण्यासारखी ही रीत आहे. २०२० साली या संस्थेने सोळा हजारांहून अधिक व्यक्तींच्या रक्ताचा अभ्यास आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिच्या स्तनकर्करोगाच्या तपासणीस २०२१ साली आणि प्रोस्टेटच्या तपासणीस २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विशेष महत्त्वाच्या संशोधनाचा दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे वापराची मान्यता नव्हे. परीक्षेस लवकर बसण्याची ती मुभा आहे. एंगेलनंतरच्या दशकाचे स्मरण असणाऱ्याने निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातील अशा निष्कर्षाकडे आशेने पहावे, पण स्वतंत्र प्रयोगशाळांची फेरतपासणीही मागावी. चुकून रोगी ठरविलेला निरोगी माणूस हाही त्या तपासणीचा बळीच असतो.

मुंबई ते नागपूर हा जो मुख्य लोहमार्ग, त्यावरच नाशिक रोड आहे आणि त्यावरच मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव आहेत. कर्करोगाच्या मोठ्या उपचारासाठी बुलढाणा जिल्ह्यातील रुग्णाला नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. कण्यात रोग उतरलेल्या वृद्धाला तो प्रवास म्हणजे शिक्षाच. रक्ताच्या तपासणीचे खरे मोल येथे आहे. सेलसर्चच्या नळीत घेतलेले रक्त साध्या उष्णतामानात ९६ तासांपर्यंत तपासणीयोग्य राहते. लोणार वा सिंदखेडराजाच्या गावातून माणूस हलू शकला नाही, तरी नळी हलू शकते. मात्र नळीबरोबर गेलेल्या प्रश्नाचे उत्तर परत येईल, तेव्हा त्या उत्तरानुसार औषध देणारा वैद्य आणि ते औषध घेण्याची ऐपत ही दोन्ही गावाच्या आवाक्यात असावयास हवीत. नाहीतर नळीचा प्रवास व्यर्थ होय.

आणि या सर्वांच्या आधी एक पायरी आहे, तिला यंत्र लागत नाही. ग्रामीण भागातील कर्करोगाची भारतातील पहिली नोंदवही १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव जात, आणि जाता जाता रोगाची लक्षणे लोकांना समजावून सांगत. काही वर्षांनी असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत वैद्याकडे येऊ लागल्या आहेत. कोणतेही नवे यंत्र तेथे आलेले नव्हते. मोकळेपणाने बोलणारे कोणीतरी दारी येत होते, इतकेच. पुरुषांच्या या रोगात लज्जा तशीच आड येते. लघवीची तक्रार म्हातारपणावर ढकलली जाते, कंबरदुखी शेतातल्या कष्टांवर ढकलली जाते, आणि वैद्याकडे जाईतो बी हाडात रुजलेले असते.

ॲशवर्थने ते बी वाहताना पाहिले, त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. त्यास पकडण्याची, मोजण्याची आणि बोलते करण्याची विद्या तेव्हापासून पायरीपायरीने वाढत आली आहे, व दर पायरीवर तिला आपलीच चूक कबूल करावी लागली आहे. शेतकऱ्याला मात्र एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तण बी धरण्यापूर्वी जो निंदणी करतो, त्याला पुढच्या वर्षी वावरभर पसरलेले तण उपटीत बसावे लागत नाही. घरातील वडील माणूस रात्री चार वेळा उठतो आहे हे ज्या मुलाच्या ध्यानात येईल, आणि संकोच बाजूस सारून जो त्यास वैद्याकडे घेऊन जाईल, त्याने ही निंदणी वेळेवर केली असे म्हणता येईल.